माहजोंगच्या टाइल्सवर रसायनशास्त्र: ११८ मूलद्रव्यं कुठं बसवायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: बार्शीकडं तुम्ही नववी-दहावीला विज्ञान शिकवता, कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरं ऑफ तासाला ते टाइल्स जुळवायचं माहजोंग (ढिगातल्या मोकळ्या टाइल्सपैकी जुळणाऱ्या दोन शोधून उचलत जायच्या) खेळत बसतात, आणि तुम्हाला त्यातली चिनी चित्रं काढून तिथं मूलद्रव्यं टाकायचीत. तर ११८ पैकी कोणती घ्यायची, आणि टाइलवर अणुअंक, वस्तुमान, मराठी नाव असं सगळं लिहायचं का थोडंच, हे तुम्ही विचारलंय.

आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं कुठल्या अनुभवातून येतंय ते कळेल. मी सोलापूरचा, पूर्व भागात वाढलो, पहिली नोकरी चादरीच्या डिझाइनचे ग्राफ भरायची. जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर विणायची तर आधी चौकटीच्या कागदावर अख्खी नक्षी भरायला लागायची, एक चौकट म्हणजे एक उभा धागा वर उचलायचा का खाली ठेवायचा एवढाच निर्णय, आणि त्यावरून पत्त्यांना भोकं पाडायची. नंतर कॉम्प्युटर आले, मीही तिकडं सरकलो, आणि गेली बरीच वर्षं शैक्षणिक गेमसाठी आयकॉन, टाइल्स, बटणं असलं बारीक काम करतोय. रसायनशास्त्राचा संच दोनदा केलाय, पहिला फसला.

तुम्ही कोणती मूलद्रव्यं घ्यायची हे विचारताय, पण खरी अडचण तिथं नाहीये. हा खेळ वाचायचा नाही, नजरेचा आहे. पोरगं एका टाइलकडं अर्धा सेकंद पण बघत नाही, ते सगळ्या ढिगावरून नजर फिरवत असतं आणि 'हे मघाशी कुठंतरी दिसलं होतं' एवढंच डोक्यात असतं. त्यामुळं एकेक टाइल किती छान झाली याला फार अर्थ नाही, ती बाकीच्यांपेक्षा किती वेगळी दिसते ते महत्त्वाचं.

आता ११८ चं गणित. नेहमीच्या संचात १४४ टाइल्स असतात. ठिपके, बांबू आणि चिनी अंक असे तीन गट, प्रत्येकात १ ते ९, प्रत्येक चित्राच्या चार प्रती, झाले १०८. चार दिशांचे चार वारे चार-चार प्रतींत म्हणजे १६, तीन ड्रॅगन चार-चार म्हणजे १२, आणि वर चार फुलं आणि चार ऋतू एकेकच. अशी एकूण वेगळी चित्रं होतात ४२. तुम्ही म्हणाल चार प्रती कशाला, दोनच ठेवू. ठेवा, तरी १४४ भागिले दोन म्हणजे ७२ च्या वर जाताच येत नाही, ११८ बसणारच नाहीत. आणि दोनच प्रती ठेवल्या की खेळातला विचारच जातो, कारण चार प्रती असतात तेव्हा 'या चारातल्या कुठल्या दोन आधी उचलू म्हणजे खालची मोकळी होईल' हा प्रश्न पडतो, दोनच असल्या की नुसती शोधाशोध उरते. मला एका ठिकाणी गिऱ्हाईकानं अडून बसून जास्तीत जास्त मूलद्रव्यं कोंबायला लावली होती, त्यात कोबाल्ट पण होता आणि वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड पण. दोन्हींत तीच दोन अक्षरं (Co आणि CO), फरक एवढाच की दुसरं अक्षर स्मॉल का कॅपिटल. पोरांनी तो गेम आठवड्यात सोडून दिला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत त्या आधीच सांगतो. तुमचा गेम फक्त चित्रं बदलू देतो का जुळवायचा नियम पण, हे बघून घ्या. बहुतेक फुकट मिळणाऱ्या गेममध्ये चित्रं तेवढी बदलता येतात, नियम तोच राहतो. मी पुढं जे लिहितोय ते असं धरूनच. तुमच्याकडं कॉम्प्युटरचे सर स्वतः कोड लिहिणारे असतील तर वेगळं, त्यावर खाली येतो. आणि तुमचा गेम तीन सारख्या गोष्टी ओळीत आणायचा असेल तर हे सगळं विसरा, त्याला सहा-सात चित्रं पुरतात.

लॅबमधले मॉनिटर १३६६ बाय ७६८ चे असतील असं धरू. तो कासवासारखा नेहमीचा ढीग असतो ना, तो रुंदीला १५ टाइल आणि उंचीला ८ टाइल. उंचीतून मेनू, खालची पट्टी वजा केली की एका टाइलला साधारण ८० पिक्सेल उंची आणि ६० रुंदी मिळते, त्यातून कडा गेली. एवढ्यात अणुवस्तुमान लिहिलं तर ते मुंग्यांच्या रांगेसारखं दिसतं. ते काढाच. मराठी नाव पण टाइलवर नको, 'पोटॅशिअम' एवढ्या जागेत लिहायचं म्हणजे मात्रा आणि वेलांट्या एकमेकांत घुसतात. आपल्या पाठ्यपुस्तकात चिन्हं रोमन लिपीतच आहेत, तीच ठेवा. नावांचा तक्ता लॅबच्या भिंतीवर लावा, पोरं मान वर करून बघतात, आणि खरं सांगायचं तर ते मान वर करून बघणंच तुम्हाला हवंय.

अजून एक, ढिगात वरची टाइल खालच्या टाइलला कधी कधी अर्धवट झाकते. पत्त्यांच्या कोपऱ्यात कसं छोटं चिन्ह असतं, तसं डाव्या वरच्या कोपऱ्यात ओळखीची खूण ठेवा, म्हणजे अर्धी दिसली तरी कळते.

आता माझा दुसऱ्या वेळचा संच कसा बसला ते सांगतो, यातलं हवं ते उचला.

ठिपक्यांच्या गटाला रसायनात आयता जोडीदार आहे, पहिली नऊ मूलद्रव्यं. हायड्रोजनला एक इलेक्ट्रॉन, हेलियमला दोन, असं करत फ्लोरिनला नऊ. टाइलवर अक्षर काहीच नाही, मधे केंद्रक, दोन गोल आणि त्यावर ठिपके. पण इथंच माझा पहिला संच आपटला होता. मी बाहेरच्या गोलावर ठिपके सारख्या अंतरानं मांडले, दिसायला सुंदर, आणि नायट्रोजनचे पाच का ऑक्सिजनचे सहा हे भिंग घेऊन मोजायला लागायचं. मग तो कागद समोर ठेवून बसलो असताना जुन्या डिझाइन मास्तरांची आठवण झाली. ते मोराचा ग्राफ भरून झाला की भिंतीला लावायचे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. मान ओळखू आली तर ठीक, नाहीतर 'मोर कुठं हाय बे, हे तर वांगं झालं' म्हणून कागद परत. मी पण तसंच केलं, प्रिंट काढून भिंतीला लावली आणि लांबून बघितलं तर कार्बनच्या पुढचं सगळं एकच कडं दिसायलं होतं. मग ठिपके जोडीनं मांडले. वर, खाली, डावीकडं, उजवीकडं अशा चार जागा, चारापर्यंत एकेक ठिपका, पाचव्यापासून जोड्या लागायला सुरुवात. त्यामुळं कार्बन म्हणजे चार सुटे ठिपके, नायट्रोजन म्हणजे एक जोडी तीन सुटे, ऑक्सिजन दोन जोड्या दोन सुटे, फ्लोरिन तीन जोड्या आणि एक सुटा. आता मोजायला लागत नाही, आकार दिसतो. आणि गंमत बघा, सुटे ठिपके किती ते बघितलं की कार्बनला चार, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन, फ्लोरिनला एक, म्हणजे संयुजा (अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा) आपोआप आली. हे मी ठरवून केलं नव्हतं, एका मास्तरांनी दाखवून दिलं.

चिनी अंकांच्या जागी चिन्हं. इथं माझा आग्रह आहे की पोरं जिथं चुकतात तीच घ्या. इंग्रजी नाव एक आणि चिन्ह भलतंच अशी अकरा मूलद्रव्यं आहेत: सोडिअम, पोटॅशिअम, लोह, तांबं, चांदी, कथील, अँटिमनी, टंगस्टन, सोनं, पारा आणि शिसं. यातला टंगस्टन काढा, त्याचं चिन्ह वोल्फ्राम या जर्मन नावावरनं आलंय, बाकीच्यांचं लॅटिन नावांवरनं. अँटिमनी नववी-दहावीत कोण विचारतंय, तो पण काढा. उरले बरोब्बर नऊ. मला हे जमलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं होतं, तिनं काय उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही. या नऊ टाइल्सना मागं धातूचा रंग हलका द्या, सोन्याला पिवळा, तांब्याला तांबूस वगैरे, पण रंगावर भिस्त ठेवू नका. चांदी, कथील, पारा, शिसं, सोडिअम, पोटॅशिअम सगळे राखाडी-चंदेरीच, तिथं अक्षरच कामाला येणार. फाँट जाड आणि साधा घ्या, शेपट्यांचा नको.

बांबूच्या जागी काय घालावं यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्यांदा मिथेनपासून नोनेनपर्यंत नऊ अल्केन, म्हणजे एक ते नऊ कार्बनची संयुगं, घेतले, कार्बनची साखळी नागमोडी रेघेनं काढायची, बांबूसारखी दिसते पण. कल्पना झकास, टाइल भिकार. हेप्टेन आणि ऑक्टेनमध्ये रेघेला एक वळण जास्त, आणि मिथेनला तर एकच कार्बन, रेघच नाही, ती टाइल कोरी! मग धोक्याची चिन्हं घ्यायला गेलो, रसायनांच्या बाटल्यांवर लाल चौकट उभी करून आत काळं चित्र असतं ती, आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती नेमकी नऊ आहेत म्हणून मोह झाला. पण नऊच्या नऊ चौकटी लाल, लांबून सगळ्या भावंडं. त्यातलं एक ज्वाळेचं आणि एक वर्तुळावर ज्वाळेचं, ते तर जुळे. चौकट काढून टाकली तर वेगळी दिसतात, पण मग ते खरं चिन्ह राहत नाही आणि आपण पोरांना चुकीचं शिकवलं असं होतं. सोडलं.

शेवटी प्रयोगशाळेतली भांडी घेतली, नुसती काळी सावली काढावी तशी: चंचुपात्र, शंकुपात्र, परीक्षानळी, गोल बुडाचा चंबू, नरसाळं, बर्नर, तिवई, मोजपात्र, ब्युरेट. पोरांनी ती हातात धरलेली असतात म्हणून ओळख लवकर पटते.

चार वाऱ्यांना चार अभिक्रिया. दहावीच्या पुस्तकात संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन असे चार प्रकार आहेतच. दोन गोळे जवळ येऊन चिकटतात, चिकटलेले सुटतात, एक येऊन दुसऱ्याला ढकलून जागा घेतो, दोन जोड्या आपापले साथीदार बदलतात. वाऱ्याला दिशा असते तशी इथं बाणाला दिशा आहे. तीन ड्रॅगनना प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. यावर जास्त डोकं चालवू नका, अधिक, शून्य आणि वजा एवढं मोठं काढलं की झालं.

आता फुलं आणि ऋतू, आणि इथं जरा थांबा, कारण अख्ख्या संचात रसायनशास्त्र खरं इथंच आहे. बाकीच्या टाइल्सवर आपण विषय नुसता वरून चिकटवतोय, सोन्याशी सोनं जुळवायला रसायन कळावं लागत नाही. पण फुलांचा नियम वेगळा: चार फुलं चार वेगळी असतात आणि कुठलंही फूल कुठल्याही फुलाशी जुळतं. ऋतूंचं पण तसंच. म्हणजे 'दिसायला वेगळे पण एका घरातले' हा नियम गेममध्ये आधीच बसलाय, आणि आवर्तसारणीतला गण, म्हणजे तिच्यातला एक उभा स्तंभ, म्हणजे दुसरं काय असतं?

फुलांच्या जागी मी फुलबाज्या केल्या. गण २ मधले मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम. मॅग्नेशिअम डोळे दिपवणारं पांढरं जळतं, कॅल्शिअमची ज्योत विटकरी, स्ट्रॉन्शिअमची लालभडक, बेरिअमची पोपटी, दिवाळीच्या फटाक्यांत लाल आणि हिरवा येतो तो याच शेवटच्या दोघांमुळं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी पोरं, मुलग्यांत जास्त, प्रत्येक शाळेत एखाद-दुसरं असतंच, पण इथं लाल आणि हिरवं एकमेकांशी जुळतातच, त्यामुळं त्याला फरक दिसला नाही तरी त्याचं काही बिघडत नाही. ऋतूंच्या जागी राजवायू: निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. चौघांना विजेच्या नळीसारखं चमकवा. गण कळायला कोपऱ्यात २ आणि १८ हे आकडे टाका, चौघांना एकच कडा द्या.

राजवायूंत हेलियम मुद्दाम घेतला नाही. पहिल्या संचात होता. तो ठिपक्यांच्या गटात पण होता आणि राजवायूंत पण. माझा पुतण्या खेळत होता, त्यानं इकडचा हेलियम आणि तिकडचा हेलियम दाबला, गेम काही घेईना. 'काका, हेलियम-हेलियम जुळंना की!' पोरगं बरोबर होतं आणि मी चूक. एक मूलद्रव्य अख्ख्या संचात एकाच घरात राहिलं पाहिजे. म्हणून गण २ मधून बेरिलिअम पण वगळला, आणि हॅलोजन (फ्लोरिन, क्लोरिन यांचा गण) घ्यायचा मोह सोडला कारण फ्लोरिन आधीच ठिपक्यांत बसलाय. असं सगळं धरून माझ्या संचात २६ मूलद्रव्यं आली. ११८ पुढं हे कमी वाटतं, पण दहावीच्या पोराला २६ नीट ओळखू आली तर मी म्हणीन लई झालं.

तुमचे सर कोड लिहिणारे असतील तर सोडिअमशी क्लोराइड असं आयन (धन किंवा ऋण भार असलेले कण) जुळवायचा विचार हमखास कुणीतरी मांडेल. करा, पण फक्त एक भार असलेलेच घ्या, आणि धन जितके ऋण तितकेच टाका, आणि कुठलाही धन कुठल्याही ऋणाशी जुळू द्या. कॅल्शिअम आणला की त्याला दोन क्लोराइड लागणार, म्हणजे तीन टाइल्स एकदम उचलायच्या, सगळा ढीग बिघडतो. आणि 'हा याच्याशी जुळतो, तो त्याच्याशी जुळतो, पण हा त्याच्याशी नाही' असले अर्धवट नियम ठेवले की खेळणारा सगळं नियमानं करून पण शेवटी न जुळणाऱ्या दोन टाइल्स घेऊन बसतो, आणि त्याला कळत नाही आपलं चुकलं कुठं.

अकरावी-बारावीसाठी करणार असाल आणि रेणूंचे गोळे काढणार असाल तर रंग मनानं देऊ नका. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा ही रीत हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये लंडनच्या व्याख्यानात क्रोके या खेळाचे चेंडू वापरून रेणू दाखवले तेव्हापासूनची आहे, अजून पुस्तकं तीच पाळतात. पांढरा हायड्रोजन पांढऱ्या टाइलवर गायब होतो तेवढं बघा. माझ्या टाइल्स म्हणूनच फिक्या बदामी रंगाच्या आहेत.

तपासायचं कसं ते सांगतो. ४२ चित्रांच्या आपापसात ८६१ जोड्या होतात, सगळ्या कोण बघत बसणार. सगळी चित्रं एका कागदावर खऱ्या मापात, बिनरंगी छापा, लांबून बघा आणि ज्या दोघांवर डोळा अडखळतो त्यांना पेननं जोडा. माझ्या कागदावर पहिल्या वेळी तेवीस रेघा निघाल्या होत्या. मग एखाद्या पोराला बसवून गेम खेळायला द्या आणि तुम्ही काही बोलू नका, फक्त ते कुठल्या चुकीच्या जोड्या दाबतंय ते टिपा. चुकीची जोडी दिसली की दोघांतली एकच बदला, दोन्ही बदलल्या की नवीन भांडण तिसऱ्याशी लागतं. फाइल्स एसव्हीजीमध्ये (कितीही लहान-मोठं केलं तरी न फाटणारा चित्राचा प्रकार) ठेवा म्हणजे मॉनिटर बदलला तरी परत काढायला लागत नाही, आणि कोरी टाइल वेगळी जपून ठेवा.

एक मात्र कबूल करतो, भांड्यांमधलं ब्युरेट मला अजून जमलेलं नाही. नुसतं काढलं तर ६० पिक्सेलमध्ये ती एक उभी काडी होते आणि शेजारचं मोजपात्र तिचं जाड भावंड वाटतं. स्टँडसकट काढलं तर पोरांना स्टँडच दिसतो, ब्युरेट नाही. तोटी मोठी करून बघितली तर ते नळकोंडाळं झालं. परीक्षानळी तिरकी काढून सुटली, मोजपात्राला षटकोनी बूड दिलं, पण हे काही सुटंना. तुमच्या शाळेत चित्रकलेचे सर असतील तर त्यांना बसवा यावर, आणि जमलं तर इथं टाका, मी माझ्या संचात पण बदलून घेतो.